वस्तादाकडून काय घ्यावे, काय टाकावे : गावातल्या नव्या फुटबॉल प्रशिक्षकासाठी

कुरकुंभ-दौंड पट्ट्यात ठरवून फुटबॉलचा प्रशिक्षक होणारे फार थोडे. शाळेत तालुका स्पर्धेचे परिपत्रक येते आणि मुख्याध्यापक पीटीच्या सरांना म्हणतात, "सर, यंदा फुटबॉलचीही एन्ट्री पाठवून देऊ." कुठे एमआयडीसीत कामाला लागलेला कोल्हापूरचा, गोव्याचा नाहीतर बंगालचा एखादा तरुण संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानावर उतरतो आणि महिन्याभरात पोरे त्याला 'कोच' म्हणायला लागतात. कुठे दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेला एखादा जवान पोलीस भरतीच्या मुलांना पळवता पळवता फुटबॉलकडे वळतो. हा लेख अशा मंडळींसाठी आहे.

नव्या प्रशिक्षकाचा पहिला प्रश्न असतो तो सरावाच्या प्रकारांचा. कोन कसे लावायचे, पासिंग कसे घ्यायचे, किती पळवायचे. त्याची उत्तरे मोबाइलवर ढिगाने मिळतात. मोबाइलवर जे मिळत नाही ते संघाचे वळण, आणि ते तुमच्या वागण्यातूनच लागते. पंचांशी तुम्ही प्रत्येक सामन्यात हुज्जत घालत असाल तर तुमचा तेरा वर्षांचा गोली दोन महिन्यांत पंचांकडे हात नाचवायला लागेल. तुम्ही स्वतः वीस मिनिटे उशिरा येत असाल तर सहाच्या सरावाला पोरे साडेसहाला येतील आणि त्यांना बोलायला तुमच्याकडे तोंड उरणार नाही. पोरे तुमची भाषणे विसरतात, तुमच्या सवयी मात्र उचलतात.

आपल्याकडे प्रशिक्षक म्हटले की डोळ्यांपुढे वस्तादच येतो. दौंड, शिरूर, इंदापूर हा सगळा कुस्तीचा मुलूख. इथल्या माणसाने कधी लांग बांधली नसली तरी गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड त्याने पाहिलेला असतो आणि मैदानाच्या कडेला उभे राहून शिष्यावर ओरडणारा वस्ताद त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. मराठी मुलखातल्या सर्वात कडव्या फुटबॉलची नाळ तर थेट तालमीशीच जुळलेली आहे. कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर ज्यांच्या नावाने पेठा दुभंगतात ते संघ म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तेव्हा तुम्ही फुटबॉल शिकवायला उभे राहिलात की तुमच्यातला वस्ताद जागा होणार, हे गृहीत धरा. त्याला हाकलून देऊ नका. त्याच्याकडून काय घ्यायचे आणि काय टाकायचे एवढे मात्र पहिल्या आठवड्यातच ठरवून टाका.

घेण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तादाला आपल्या पठ्ठ्याच्या घरी काय शिजते ते ठाऊक असते. पोरगा आज मलूल का, त्याचा खुराक कमी पडतोय का, घरात भांडण आहे का, याची त्याला खबर असते. आपल्याकडचे बहुतेक शालेय प्रशिक्षक मुलांचे नाव, इयत्ता आणि जर्सीचा नंबर यापलीकडे जात नाहीत. दुसरी गोष्ट मातीची. आखाड्यातली माती खणायला नवखा पोरगा उतरतो तसा जुना पैलवानही उतरतो. कितीही गदा मिळवल्या तरी हे काम सुटत नाही. फुटबॉलच्या मैदानावर मात्र गोलपोस्ट उचलायचे, जाळी बांधायची, चेंडू गोळा करायचे, पाण्याचे जार आणायचे हे काम हमखास सर्वात लहान किंवा सर्वात गरीब पोराच्या गळ्यात पडते. ही एकच गोष्ट बदला. पाळी लावा, त्यात कॅप्टनचे नाव पहिले ठेवा आणि पहिल्या दिवशी एक बाजू स्वतः उचला. तिसरी गोष्ट नावाची. पठ्ठा हरला की लोक म्हणतात, अमक्या वस्तादाचा पोरगा पडला. हार वस्तादाच्या नावावर जाते. तालुक्याला चार गोल खाऊन आल्यावर मुख्याध्यापकांपुढे "पोरांनी ऐकलेच नाही" असे सांगणारे प्रशिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. ते वाक्य मुलांच्या कानावर संध्याकाळपर्यंत पोचते आणि त्यानंतर तुमच्यासाठी जीव टाकून कोणी पळत नाही.

आता टाकायचे काय, ते. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपण कौतुकाने सांगतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाने काहीही राखून ठेवू नये. अमका का खेळतोय, तमका बाहेर का, आपण मागे राहून का खेळतोय, हे सगळे मुलांना माहीत असायला हवे. कारण त्यांना ते न सांगता उमगेल इतका वेळ सामन्यात नसतो.

सर्वात आधी सोडायचा तो निर्णयावरचा ताबा. कुस्तीत समोर एक माणूस असतो. दोघे एकमेकांच्या मिठीत अडकलेले असताना कडेवरून वस्तादाने 'पट काढ' म्हटले तर ते कानावर पडते आणि कधी कधी उपयोगीही ठरते. फुटबॉलमध्ये तुमची आरोळी पोचेपर्यंत चेंडू दुसरीकडे गेलेला असतो. उलट नुकसान असे होते की पोरगा चेंडू पायाशी येताच आधी तुमच्याकडे बघतो. एखादा सामना या नजरेने पाहा. ज्या संघाचा प्रशिक्षक अखंड ओरडत असतो त्या संघातल्या मुलांच्या माना सारख्या बाहेरच्या रेषेकडे वळतात. त्यांना चुकण्याची भीती वाटत असते, म्हणून ती चूक आधी तुमच्याकडून मंजूर करून घेतात. असा संघ सरावात चांगला दिसतो आणि सामन्यात गोठतो.

शिक्षक आणि सेनापती

भारतीय फुटबॉलचे सर्वात यशस्वी प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट पीटीच्या सरांनी तरी विसरू नये. १९५० पासून १९६३ साली कर्करोगाने जाईपर्यंत भारतीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांचे सुवर्ण त्यांच्या संघाने जिंकले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले होते.

रहीम कडक होते, यात शंका नाही. पण जकार्ताच्या १९६२ च्या स्पर्धेकडे बघा. जर्नेल सिंग हा संघाचा भरवशाचा बचावपटू. स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीम यांनी त्याला घरी बसवले नाही आणि नेहमीच्या जागीही ठेवले नाही. त्याला आघाडीला नेऊन खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना भारताने २-१ ने जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नेल सिंगचा. बाहेर प्रेक्षक भारताच्या विरोधात पेटलेले होते. ऐन स्पर्धेत एवढी मोठी अदलाबदल करायला प्रशिक्षकाकडे धाडस लागतेच. ती मुकाट्याने पचवायला संघाकडे विश्वास लागतो, आणि तो आदल्या दिवशी तयार होत नाही. तुमच्या शाळेत 'सेंटर'ला खेळणाऱ्या पोराला तुम्ही उद्या डाव्या बाजूला बॅक म्हणून उतरवलेत तर तो रुसून बसेल की खेळेल, याचे उत्तर गेल्या सहा महिन्यांत तुम्ही त्याच्याशी कसे वागलात यावर आहे.

धेंपोचा धडा

संघाचे वळण कसे टिकते हे पाहायचे असेल तर गोव्यातल्या धेंपो क्लबकडे पाहावे. आर्मांदो कुलासो यांनी तिथे दशकाहून अधिक काळ प्रशिक्षकपद सांभाळले. त्यांच्या काळात क्लबने देशातले सर्वोच्च साखळी विजेतेपद पाच वेळा जिंकले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पहिली दोन नॅशनल फुटबॉल लीगची, पुढची तीन आय-लीगची. २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

वर्तमानपत्रांत तेव्हा नाव यायचे ते रँटी मार्टिन्सचे, आणि ते साहजिक होते; हा नायजेरियन खेळाडू गोलांचा पाऊस पाडायचा. पण संघाचा कणा होता तो क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा अशा वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्यांचा. परदेशी खेळाडू आले, गेले. ही मंडळी राहिली. जिथे अशी जुनी फळी असते तिथे नव्या पोराला वळण लावायला प्रशिक्षकाला वेगळे काही करावे लागत नाही. सरावाला किती वाजता यायचे, हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कसे बसायचे, बदली खेळाडू म्हणून बाहेर असताना चेहरा कसा ठेवायचा, हे तो शेजारच्या सीनियरकडे बघून शिकतो.

या मंडळींचे पुढे काय झाले तेही बघण्यासारखे आहे. जानेवारी २०२० मध्ये एफसी गोवा संघ इंडियन सुपर लीगच्या साखळीत आघाडीवर असताना क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. उरलेल्या सामन्यांसाठी क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रे आली आणि संघाने साखळीत पहिला येऊन शील्ड जिंकले. २०२३ मध्ये ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला तेव्हाही हंगामी प्रशिक्षक मिरांडाच होते. समीर नाईक पुढे धेंपोचे प्रशिक्षक झाले, महेश गवळी भारतीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात गेले. एका संघातून इतके प्रशिक्षक निघाले हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांना खेळताना विचार करू दिला जातो तेच पुढे दुसऱ्याला शिकवू शकतात.

तुमच्याकडे पाच वर्षे एकत्र खेळणारी मुले नसणार. दहावी झाली की पोरगा दौंडला नाहीतर बारामतीला कॉलेजात जातो. म्हणून ही साखळी मुद्दाम बांधावी लागते. नववीच्या प्रत्येक मुलाकडे सातवीची दोन मुले सोपवा. बूट कसे बांधायचे, वॉर्मअप कसा करायचा, हे त्याने त्यांना दाखवायचे. आठवड्यातून एक दिवस वॉर्मअप तुम्ही घेऊच नका. त्या पंधरा मिनिटांत काय होते ते लांबून पाहा. सुरुवातीला गोंधळ होईल. होऊ द्या.

कुरकुंभचे मैदान, कुरकुंभचे प्रश्न

पुस्तकातले नियम इथे तसेच लागू पडत नाहीत. उशिरा येण्याचीच गोष्ट घ्या. वेळ पाळणे हा शिस्तीचा पाया, हे खरे. पण एमआयडीसीतल्या कामगाराचा पोरगा उशिरा आला तर आधी घरात पाळी कोणती चालू आहे ते विचारा. बाप रात्रपाळी करून झोपलेला, आई दुसऱ्या पाळीला गेलेली, धाकट्या बहिणीला सांभाळायला हाच. त्या पोराला मैदानाभोवती पाच चकरा मारायला लावून तुम्ही शिस्त लावत नाही, त्याला घरी पाठवता. ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर आलेल्या मुलांचे तर वेळापत्रकच वेगळे. त्यांच्यासाठी नियम सैल करा असे मी म्हणत नाही. नियम असा करा की तो पाळता येईल : उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, निरोप पाठवायचा. सांगून उशिरा आलेला आणि न सांगता उशिरा आलेला, यांत फरक करा. हा फरक सगळ्या संघाला दिसू द्या.

याची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. तुमचा सर्वात चांगला खेळाडू न सांगता उशिरा आला. शनिवारी सामना आहे. आता काय करणार? संघाचे वळण ठरते ते या क्षणी. त्याला पहिल्या अर्ध्या डावात बाहेर बसवलेत तर कदाचित सामना हराल. नाही बसवलेत तर बाकीच्या चौदा जणांना कळेल की नियम चांगले खेळणाऱ्यांसाठी नसतात. मी बसवा म्हणेन. सगळ्यांसमोर अपमान न करता, आदल्या दिवशी एकट्याला सांगून. आणि तो पोरगा सरपंचांचा पुतण्या असेल, जर्सीचा खर्च करणाऱ्या किराणा दुकानदाराचा मुलगा असेल, किंवा तुमचाच भाचा असेल, तर दुप्पट काटेकोर राहा. गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना माहीत असते, आणि भावकीचे राजकारण मैदानाच्या रेषेबाहेर ठेवणारा माणूस म्हणून एकदा नाव झाले की पुढची दोन-तीन वर्षे सोपी जातात.

कुरकुंभच्या मैदानावर आणखी एक गोष्ट दिसते. औद्योगिक वसाहतीमुळे इथल्या मुलांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालहून आलेल्या घरांतली पोरे असतात. खेळताना कोण कोणाला पास देतो ते नीट पाहा. बरेचदा मराठी पोरे मराठी पोरांना, हिंदी बोलणारी हिंदी बोलणाऱ्यांना. यात खोट मुलांची कमी आणि मोठ्यांची जास्त. प्रशिक्षक स्वतः "ए बिहारी, इकडे ये" अशी हाक मारत असेल तर मुले दुसरे काय शिकणार? प्रत्येकाला नावाने हाक मारा. नाव अवघड वाटले तर दोनदा विचारून पाठ करा. सरावात दोन संघ पाडताना मित्रांच्या जोड्या फोडा, बिब वाटताना बघत राहा. चार पासांनंतरच गोल मोजायचा आणि चारही पास वेगवेगळ्या मुलांचे हवेत, असा एक छोटा खेळ रोज दहा मिनिटे घ्या. महिन्याभरात चेंडूची वाट बदललेली दिसेल.

आणि हवा. ज्या संध्याकाळी वाऱ्यावर कारखान्यांचा उग्र वास येतो त्या संध्याकाळी पळवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात चारचा सराव साडेपाचला न्या, पाणी प्यायला वेगळी सुट्टी द्या. "आमच्या वेळी असले लाड नव्हते" हे वाक्य मनातच ठेवा. पाणी मागणाऱ्या पोराला कमजोर ठरवणारा प्रशिक्षक पुढे त्याच पोराकडून दुखापत लपवून घेतो.

नागपूरच्या विजय बारसे यांचे काम इथे आठवते. हिस्लॉप महाविद्यालयातले हे क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटकी बादली लाथाडताना त्यांनी पाहिली आणि २००१ च्या सुमारास त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले, २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट या कामावरच बेतला. बारसे सांगत आले आहेत ते साधेच आहे : पोरे मैदानावर असतात तेवढा वेळ वाईट नादापासून लांब असतात. निवड चाचणी घेऊन तीस पोरांतली पंधरा घरी पाठवण्याआधी हे वाक्य आठवा. संघ पंधराचा असेल, सराव तीस जणांचा असू द्या.

राग

राग येणारच. पण मोठ्या प्रशिक्षकांच्या रागाच्या गोष्टी ऐकून त्याची नक्कल करू नका. मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये बुटाला लाथ मारली, तो बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला, आणि त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला. ही गोष्ट कौतुकाने सांगणारे विसरतात की तेव्हा फर्ग्युसन सोळा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीत होते, अनेक खेळाडूंना त्यांनी पोरवयापासून वाढवले होते. त्या सगळ्या जमेतून त्यांचा राग खर्ची पडत होता. तुमच्या खात्यात अजून काही जमा नाही.

मध्यंतरात वेळ थोडा असतो. पहिली दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, पाणी प्यायचे. मग तुम्ही विचारायचे, "काय होतंय?" आणि गप्प बसायचे. कॅप्टन बोलेल, बॅक बोलेल. त्यानंतर तुम्ही दोन गोष्टी सांगा, तिसरी नको. त्यातली एक तरी चांगली झालेल्या गोष्टीबद्दल असू द्या, आणि ती खरी असू द्या. खोटे कौतुक पोरांना लगेच कळते. एकट्याची चूक सगळ्यांसमोर काढू नका. गोल खाल्लेल्या गोलीला तर अजिबात बोलू नका, त्याला आधीच सगळे कळलेले असते.

बक्षीस द्यायचे तर गोल करणाऱ्याला एकट्याला देऊ नका. लेस्टर सिटीचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांनी २०१५ मध्ये खेळाडूंना सांगितले होते, एकही गोल न खाता सामना जिंका, पिझ्झा माझ्याकडून. ऑक्टोबरात क्रिस्टल पॅलेसवर १-० असा विजय मिळाल्यावर ते संघाला घेऊन गेले खरे, पण पिझ्झा खेळाडूंनाच बनवायला लावला. त्या मोसमात लेस्टरने इंग्लंडची साखळी जिंकली. आपल्याकडे दौंडच्या स्टेशनबाहेरची भेळ पुरते. गोल न खाल्ल्याबद्दल भेळ, आणि ती सगळ्यांना, बाकावर बसलेल्यांनाही.

न बोलून चालणार नाही असे

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे प्रशिक्षक अजूनही कमी बोलतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी भारतीय मुलांनी त्या वेळच्या परदेशी प्रशिक्षकाविरुद्ध मारहाण आणि शिवीगाळीची लेखी तक्रार केली; त्यानंतर प्रशिक्षक बदलला गेला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यातून एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून निलंबित करून परत पाठवण्यात आले. देशाच्या संघात हे घडते, तर तालुक्याच्या संघात घडणार नाही असे कोणी म्हणू नये.

म्हणून काही गोष्टींत सूट नाही. हात उगारायचा नाही. आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही, 'पोरीसारखा काय खेळतोस' असेही म्हणायचे नाही. मुलींचा संघ असेल तर सरावाला आणि प्रवासात एक शिक्षिका किंवा पालक बाई हवीच. बंद खोलीत एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचे नाही. बोलायचे तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर पण कानांपासून लांब. रात्री-अपरात्री मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, जे सांगायचे ते पालकांच्या ग्रुपवर. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून द्या. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि त्यानुसार मुलाच्या लैंगिक शोषणाचा प्रकार कळल्यावर तो दडपणाराही गुन्हेगार ठरतो, हे संस्थाचालकांना सांगून ठेवा.

मुख्याध्यापक आणि पैसे देणाऱ्यांसाठी

प्रशिक्षकाने कितीही चांगले वळण लावले तरी दर जूनमध्ये त्याला बदलत राहिलात तर ते टिकत नाही. पुण्यानेच हे पाहिले आहे. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ असे पाच मोसम खेळला, आणि फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल अँगेल पोर्तुगाल असा दर मोसमाला नवा प्रशिक्षक आला. शेवटच्या मोसमात तर मध्येच पुन्हा बदल झाला. यात नामवंत लोक होते. तरी संघ उपांत्य फेरीत पोचला तो एकदाच, २०१७-१८ मध्ये. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला. पैशांचे प्रश्न होते, पण खेळाडू दरवर्षी नवी भाषा शिकत होते हेही तितकेच खरे.

मुंबई सिटीतही प्रशिक्षक बदलले. लोबेरांनी २०२०-२१ मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, त्यांच्यानंतर डेस बकिंगहॅम आले आणि २०२२-२३ चे शील्ड मिळाले, मग पेटर क्राट्की आले आणि २०२४ चा करंडक मिळाला. माणसे बदलली, चेंडू खालून बांधत पुढे नेण्याची पद्धत बरीचशी तीच राहिली, कारण ती पद्धत क्लबने ठरवली होती आणि प्रशिक्षक तिला साजेसे निवडले होते. शाळेने एवढे जरी केले तरी पुरे : सराव कसा चालतो, मुलांशी कसे वागायचे, निवड कशी होते, हे एका पानावर लिहून ठेवायचे. सरांची बदली झाली तर पुढच्या सरांच्या हाती पहिले ते पान द्यायचे.

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून जर्सी आणि बूट मिळतात, ते चांगलेच. पण जर्सीवर कंपनीचे नाव छापण्याआधी प्रशिक्षकाला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्स अभ्यासक्रमाला पाठवण्याचा खर्च मागा. तो थोडा आहे आणि त्याचा फायदा पंधरा जर्स्यांपेक्षा जास्त टिकतो. पालकांचे लक्ष दहावीच्या क्रीडा गुणांवर असणार. त्यांना त्यावरून हिणवू नका. गुणांसाठी आलेला पोरगा दुसऱ्या वर्षीही येत राहिला, तर तुमचे काही तरी बरोबर चालले आहे असे समजायला हरकत नाही.

येत्या मोसमात तालुका स्पर्धेआधी एखादा सराव सामना ठरवा. त्याच्या पहिल्या अर्ध्या डावात रेषेबाहेर तोंड बंद ठेवून उभे राहा आणि वहीत दोनच गोष्टी लिहा : मैदानात कोण बोलतोय, आणि चेंडू मिळाल्यावर तुमच्याकडे कोण बघतोय. पुढच्या महिन्याचा सराव त्या दोन याद्यांवरून आखा.